सगळ्यांनी लिहिलेल्या प्रश्नोत्तरांची राखण

सोसायटीत नवा सेक्रेटरी निवडून आला की पहिल्या महिन्यात त्याला तेच ते दहा-पंधरा प्रश्न विचारले जातात. फ्लॅट विकला तर सोसायटीला किती भरायचे? भाडेकरू ठेवला तर बिलात काय वाढतं? वरच्यांच्या बाथरूममधून गळतंय, खर्च कुणाचा? कुत्रा पाळला तर चालेल का? उत्तरं देऊन देऊन त्याच्या तोंडाला फेस येतो, आणि तो पदावरून गेला की सगळी उत्तरं त्याच्याबरोबर जातात.

म्हणून आमच्या भागातल्या काही सोसायट्यांमधल्या लोकांनी मिळून एक गूगल डॉक उघडला. ज्याला जे ठाऊक ते त्याने त्यात लिहायचं. वर्षभरात चाळीस पानं झाली. त्याची राखण माझ्याकडे आली, कारण मी निवृत्त होतो आणि मला मराठी टायपिंग येत होतं. पात्रता एवढीच. असलं काम आता तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर कुठून सुरुवात करायची ते सांगतो. उदाहरणं सोसायटीची आहेत, पण ट्रेकिंगच्या ग्रुपने लिहिलेली किंवा परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाने व्हिसाबद्दल जमवलेली प्रश्नोत्तरं असली तरी दुखणं तेच असतं.

आधी माझी चूक. अकराव्या पानावर कुणीतरी लिहिलं होतं, "नॉमिनेशन केलेलं असेल तर फ्लॅट आपोआप नॉमिनीच्या नावावर होतो." खाली तिघांनी "बरोबर" असा शेरा मारला होता. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंनी त्या वाक्यावर विसंबून यजमानांच्या माघारी वारसाची कागदपत्रं करायचं लांबणीवर टाकलं. फ्लॅट विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने पहिल्याच भेटीत व्यवहार थांबवला. नॉमिनी हा मालक नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यानुसार नॉमिनीला तात्पुरतं सदस्य करून घेतात. फ्लॅट शेवटी कुणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसाहक्काचा कायदा ठरवतो.

बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या कागदात तर तसं होतं." मी त्यांना चाळिसाव्या पानाच्या तळाचा मजकूर दाखवला: "सदर माहिती केवळ सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी असून तिच्या अचूकतेची कोणतीही हमी देण्यात येत नाही." त्यांनी तो शांतपणे वाचला. मग म्हणाल्या, "पण मी अकरावं पान वाचलं होतं."

घाटात 'पुढे अपघाती वळण' ही पाटी वळणाच्या आधी लावतात, घाट उतरून झाल्यावर लावत नाहीत. डिस्क्लेमरचं तसंच आहे. सरकारी संकेतस्थळांवर त्याला 'अस्वीकरण' म्हणतात. शब्द बरा असला तरी त्यात 'आम्ही हात झटकले' असा वास येतो. आपल्याला हात झटकायचे नाहीत. वाचणाऱ्याला कोणत्या वाक्यावर किती भार टाकता येईल, हे त्या वाक्यापाशीच सांगायचं आहे.

पहिलं काम: शीव आखा

हा कागद कुणासाठी आणि कुणासाठी नाही, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. नवखे राखणदार इथे "सर्व सभासदांसाठी उपयुक्त माहिती" असं काहीतरी लिहून मोकळे होतात. त्याचा काही उपयोग नाही.

पुण्यात शेजारशेजारच्या दोन इमारती दिसायला जुळ्या असतात. एक सहकारी गृहनिर्माण संस्था असते, दुसरी 'अपार्टमेंट'. पहिलीला १९६०चा सहकार कायदा लागू, दुसरीला महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७०. आदर्श उपविधी (सहकार खात्याने दिलेली नमुना नियमावली) स्वीकारलेल्या संस्थेत सेवा शुल्क, म्हणजे बिलातला रोजच्या सामायिक कामांचा भाग, सगळ्या फ्लॅटना समान असतं. अपार्टमेंटमध्ये सामायिक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या (सामायिक जागांमधल्या वाट्याच्या) प्रमाणात वाटला जातो, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त पडतो. आमच्याकडे 'मेंटेनन्स सगळ्यांना सारखा असतो का?' या एका प्रश्नाखाली सहा पानं भांडण चाललं होतं. दोन्ही बाजू कलमं फेकत होत्या आणि दोन्ही बरोबर होत्या. एक बाजू संस्थेत राहत होती, दुसरी अपार्टमेंटमध्ये. हे कळायला मला दोन महिने लागले.

राज्याचीही शीव असते. गोव्यातल्या सहकारी संस्थांना गोव्याचा २००१चा कायदा आहे, बेळगावात कर्नाटकचा. मराठीत लिहिलेला कागद तिथवर सहज जातो, महाराष्ट्राचा कायदा जात नाही. म्हणून आमच्या पहिल्या पानावर आता एवढंच आहे:

"ही उत्तरं महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दल आहेत. तुमची इमारत अपार्टमेंट किंवा कंपनी असेल, किंवा महाराष्ट्राबाहेर असेल, तर पुढची बरीच उत्तरं तुम्हाला लागू नाहीत. उत्तरं रहिवाशांनी लिहिली आहेत, वकिलांनी नाही."

'केवळ', 'सदर', 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द काढून टाकले. ते दिसले की वाचणाऱ्याचा डोळा आपोआप पुढच्या परिच्छेदावर उडी मारतो.

दुसरं काम: कुलूप, पण खिडकी उघडी

लिंक असलेल्या कुणालाही थेट बदल करता येतील अशी सोय ठेवू नका. आम्ही ठेवली होती. एका रात्री 'अनॉनिमस कॅपिबारा' नावाच्या पाहुण्याने पार्किंगचा अख्खा विभाग उडवला. गूगल लॉगिन न केलेल्यांना अशी प्राण्यांची नावं देतो, त्यामुळे तो कोण हे आजही माहीत नाही. संशय आहे, पण तो इथे लिहायचा नाही, का ते पुढे येईल. व्हर्जन हिस्टरीतून मजकूर परत मिळाला.

आता तिघांकडे बदलाचा अधिकार आहे आणि बाकी सगळ्यांना 'कॉमेंटर'. कॉमेंटरला सूचना म्हणून बदल सुचवता येतो. तो वेगळ्या रंगात दिसतो, तिघांपैकी एकाने मान्य केला की मजकुरात मिसळतो. तिघे एकाच सोसायटीतले नसावेत, आणि शक्यतो त्यातला एक जण कधीही कमिटीत नसलेला असावा. कमिटीतल्या माणसाला 'थकबाकीदारावर कारवाई' हा विभाग लांबवायची फार हौस असते.

तिसरं काम: प्रत्येक वाक्याची जात ओळखा

खरं काम हे आहे आणि वेळही यातच जातो. एखादं उत्तर उघडा आणि एकेका वाक्याला विचारा, हे तू कुठून आलंस? सोसायटीच्या बाबतीत चार-पाचच उगम असतात: कायदा किंवा नियम, सरकारी परिपत्रक, उपविधी, आपल्या सभेचा ठराव, आणि 'आमच्याकडे असं करतात'. पाचही एकाच सुरात लिहिलेली असतात, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळाच कायदा वाटतो.

कुत्र्याचा प्रश्न घ्या. मूळ उत्तर होतं, "कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, कायदाच आहे." हे भारतीय पशू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांतून आलेलं. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीने पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालू नये, असं त्यात आहे. पण त्या 'सूचना' आहेत आणि त्यांचं नाव 'सूचना' असंच लिहिलं पाहिजे. त्याच उत्तरात पुढे होतं, "कुत्र्याला लिफ्टमधून नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी बांधणं सक्तीचं आहे." चौकशी केली तर तो एका सोसायटीच्या वॉचमनने लावलेला नियम निघाला. ठरावसुद्धा नव्हता.

वाक्याचा उगम सापडला की ते त्याच्या मूळ कागदाशी ताडून बघा. इथे एक गोष्ट हमखास दिसेल. तोंडातोंडी फिरताना माणसं आकडा लक्षात ठेवतात आणि त्याच्या शेजारचा छोटा शब्द हरवतात. 'पर्यंत', 'वगळून', 'पैकी', 'सोडून' हे शब्द सगळ्यात आधी गळतात.

आमच्या डॉकमध्ये होतं, "फ्लॅट विकताना ट्रान्स्फर प्रीमियम २५,००० रुपये." ९ ऑगस्ट २००१च्या परिपत्रकात २५,००० ही महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा आहे. नगरपालिकांच्या वर्गाप्रमाणे ती २०,०००, १५,००० आणि १०,००० अशी उतरते, ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. त्या मर्यादेच्या आत किती घ्यायचं हे सर्वसाधारण सभा ठरवते. कुटुंबातल्या व्यक्तीच्या नावावर करताना हा प्रीमियम लागत नाही. एक 'पर्यंत' गळला आणि हद्दीचा उल्लेख राहिला, की गावाकडच्या छोट्या सोसायटीत कुणीतरी पाचपट पैसे भरतो.

भाडेकरूचंही तसंच. "भाड्याने दिल्यास मेंटेनन्सच्या १० टक्के जास्त." नॉन-ऑक्युपन्सी चार्जची, म्हणजे या जादा रकमेची, मर्यादा १ ऑगस्ट २००१ पासून १० टक्के आहे, पण ती सेवा शुल्काच्या, महापालिकेचे कर वगळून. अख्ख्या बिलाच्या नव्हे. चार हजारांच्या बिलात सेवा शुल्क अडीच हजार असेल, तर ४०० आणि २५० एवढा फरक पडतो. दरमहा दीडशे रुपये. भांडणाला पुरेसे.

आणि व्याज. "थकबाकीवर २१ टक्के व्याज लागतं." २०१४च्या आदर्श उपविधींत २१ टक्के ही वरची मर्यादा आहे, तेही वार्षिक सरळव्याज, आणि दर सभेने ठरवायचा. आमच्याच एका सोसायटीचा हिशेबनीस दरमहा चक्रवाढ लावत होता आणि आमचा डॉक पुरावा म्हणून दाखवत होता. डॉकमध्ये 'सरळ' हा शब्द नव्हता, हे त्याचं म्हणणं खरं होतं.

तेव्हा या टप्प्यावर तुमचं काम नवीन लिहिण्याचं कमी आणि गळलेले शब्द परत जागेवर बसवण्याचं जास्त. प्रत्येक वाक्याशेवटी आम्ही कंसात उगम लिहितो: (कायदा), (परिपत्रक, २००१), (आदर्श उपविधी, २०१४), (ठराव, फक्त आमच्या सोसायटीत), (अनुभव). अक्षरं थोडी फिकट ठेवली की वाचनात अडथळा येत नाही. आपल्या संस्थेने स्वीकारलेल्या उपविधी आणि आदर्श उपविधी यांत फरक असू शकतो, म्हणून 'उपविधी' असं नुसतं लिहू नका.

अनुभवाला कमी लेखायचं मात्र कारण नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात अर्ज देताना पोच शिक्का मारलेली प्रत कशी मागून घ्यायची, कोणत्या कागदाच्या किती प्रती नेल्या की दुसरी खेप वाचते, हे कुठल्याच कायद्यात नसतं आणि लोक तेच शोधत असतात. ते ठेवा. 'अनुभव' म्हणून ठेवा, आणि कोणत्या वर्षीचा ते लिहा.

काय कापायचं

नावं. थकबाकीदारांची, बिल्डरची, भांडखोर शेजाऱ्याची. आणि फक्त नाव काढून भागत नाही. "ब विंगच्या चौथ्या मजल्यावरचे निवृत्त बँक अधिकारी" म्हटलं की सगळ्या कॉलनीला कळतं. फ्लॅट नंबर, फोन नंबर, व्यवसाय, गाडीचा नंबर, सगळं काढा. इथे डिस्क्लेमर कामाचा नाही. "वरील मताशी संपादक सहमत असतीलच असे नाही" ही ओळ लिहिली म्हणून बदनामी बदनामी राहत नाही असं नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ ती ओळ वाचून परत जात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थाला (दुसऱ्यांचा मजकूर नुसता पोचवणाऱ्याला) जे संरक्षण आहे, त्याची एक अट मजकूर स्वतः न निवडण्याची, न बदलण्याची आहे. आपण तर दिवसभर तेच करतो. त्यामुळे त्या छत्रीखाली आपण आहोत असं गृहीत धरू नका.

'आत्ताच आलेला नवा नियम' म्हणून व्हॉट्सॲपवरून आलेलं काहीही. शासन निर्णय खरा असेल तर त्यावर विभाग, क्रमांक, तारीख आणि संकेतांक असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. मिळेपर्यंत मजकूर बाहेर. टाकणाऱ्याला तुसडेपणाने बोलू नका, नुसतं विचारा, "क्रमांक मिळाला की लगेच घालतो, बघता का?" दहातले नऊ परत येत नाहीत.

हल्ली तिसरा प्रकार वाढलाय. कुणीतरी प्रश्न चॅटबॉटला विचारतो आणि गुळगुळीत उत्तर आणून चिकटवतो. अशा उत्तरांत कलमांचे क्रमांक इतक्या आत्मविश्वासाने असतात की तपासायची लाज वाटावी. तपासा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आल्यावर काही दिवसांतच, त्याने लिहिलेल्या उत्तरांना बंदी केली, ती याच कारणाने: उत्तरं बरोबर वाटायची, बरीच चूक असायची, आणि तपासायला माणसं पुरत नव्हती. आमचा नियम सोपा आहे. ज्याने उत्तर आणलं त्यानेच मूळ कलम उघडून वाचल्याचं सांगायचं. वाचलं नसेल तर उत्तर थांबवायचं.

वर्तमानपत्रातल्या वकिलांच्या सदरातला मजकूर जसाच्या तसा डकवलेला असेल तर तोही काढा, तो त्यांचा आहे. कायद्याचं कलम उतरवायला हरकत नसते.

कापताना एक पथ्य पाळा. का कापलं ते एका ओळीत कॉमेंटमध्ये लिहा. न सांगता कापलेल्या वाक्याचा मालक तुमचा कायमचा वैरी होतो आणि तो तुम्हाला रोज सकाळी दूध आणताना भेटतो.

पाट्या कुठे लावायच्या

प्रत्येक उत्तराखाली डिस्क्लेमर चिकटवायचा मोह होईल. करू नका. इंग्रजी विकिपीडियाने लेखांच्या आत डिस्क्लेमर घालायचे नाहीत असा संकेत पाळला आहे; सगळ्या लेखांना लागू असलेला सर्वसाधारण खुलासा तळाच्या दुव्यामागे असतो. त्यांचं त्यांना ठीक आहे, तो ज्ञानकोश आहे. आपला कागद वाचून माणूस दुसऱ्या दिवशी चेक लिहितो. म्हणून मी मधला मार्ग धरतो: पहिल्या पानावर शीव सांगणारी पाटी एक, आणि आत पाटी फक्त तिथेच, जिथे चुकलं तर परत फिरता येत नाही.

अशा जागा मोजक्याच असतात. आमच्या चाळीस पानांत सात निघाल्या. वारसा आणि नॉमिनेशन. बिल्डरकडून जमिनीची मालकी घेणं, म्हणजे कन्व्हेयन्स, आणि बिल्डर देत नसेल तर सरकारकडून मिळवायचं डीम्ड कन्व्हेयन्स. पुनर्विकासाला संमतीची सही. इमारतीच्या खांबाला किंवा तुळईला हात लावणारी दुरुस्ती. लिफ्ट आणि विजेची कामं. मुदतीची प्रकरणं, म्हणजे अपील वगैरे. आणि भाडेकराराची नोंदणी.

पाटीत तीन गोष्टी असाव्यात: काय माहीत नाही, चुकलं तर काय होतं, आणि विचारायचं कुणाला. नॉमिनेशनवरची आमची आजची पाटी अशी आहे:

"थांबा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. पुढचं उत्तर फक्त सोसायटीच्या नोंदीबद्दल आहे, फ्लॅटच्या मालकीबद्दल नाही. विक्री किंवा कर्ज करायचं असेल तर आधी वारसाहक्काची कागदपत्रं वकिलाला दाखवा."

ती उत्तराच्या वर आहे, चौकटीत आहे, आणि उत्तराच्याच आकाराच्या अक्षरात आहे. बारीक अक्षरातली पाटी म्हणजे लपवलेली पाटी.

कुणाला विचारायचं हे नेमकं लिहा. "तज्ज्ञांचा सल्ला घ्या" हे वाक्य मी पूर्ण बाद केलंय. गळतीला स्ट्रक्चरल इंजिनीअर, सदस्यत्वाच्या तक्रारीला उपनिबंधक, मालकीला वकील, हिशेबाला लेखापरीक्षक. माणसाला तज्ज्ञ हवा असतो हे त्याला माहीत असतं. कोणता, हे माहीत नसतं.

कधी कधी उत्तर अर्धंच बरोबर असतं. सोसायटीला माहिती अधिकार लागतो का? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की सहकारी संस्था या सरसकट 'सार्वजनिक प्राधिकरण' (ज्यांना माहिती अधिकार लागू होतो अशा संस्था) नाहीत. तेवढं लिहून थांबलं तर वाचणारा दार बंद झालं असं समजतो. पण निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते, ती निबंधक कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागता येऊ शकते, हेही त्याच निकालातून निघतं. अशा ठिकाणी डिस्क्लेमर नको, उत्तराचा उरलेला अर्धा भाग हवा. पुष्कळदा माणसं उत्तर पुरं करण्याच्या कंटाळ्यापायी डिस्क्लेमर लिहितात. मीही लिहिले आहेत.

तारीख आणि दुरुस्ती

प्रत्येक उत्तराखाली 'शेवटचं तपासलं' आणि महिना, साल. 'शेवटचा बदल' नव्हे; कुणी अनुस्वार दुरुस्त केला तरी बदलाची तारीख पुढे सरकते आणि उत्तर ताजं असल्याचा भास होतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची हे उत्तर वर्षानुवर्षं बरोबर होतं, आणि २०२० मध्ये करोनामुळे सरकारने मुदत वाढवली तेव्हा ते काही महिने चुकीचं झालं. ज्यांनी तारीख घातली नव्हती त्यांचा कागद त्या काळात उगाच घाबरवत होता.

चूक सापडली तर गुपचूप पुसू नका. जुनं वाक्य ज्याने वाचलंय तो ते डोक्यात घेऊन फिरतोय. त्याला ते चूक होतं हे दिसायला हवं. जुनं वाक्य खोडरेघ मारून ठेवा, खाली दुरुस्ती आणि तारीख लिहा, वर्षभराने काढा. अकराव्या पानावरची खोडरेघ मी मुद्दाम अजून काढलेली नाही.

आम्ही तिघे दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, सभांचा हंगाम संपला की, एका घरी बसतो. सोसायट्यांचे नवे ठराव समोर घेतो, सात पाट्या आधी वाचतो, मग ज्यांची तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी आहे ती उत्तरं. ज्याचा उगम अजून सापडला नाही अशा वाक्यापुढे पिवळा रंग लावतो. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत तो तसाच राहिला, तर ते वाक्य जातं. चाळीस पानांची आता सव्वीस झाली आहेत.